तीन प्रती होत्या, पण—

“ताई, दुसरी आवृत्ती काढावी म्हणतोय. तुमच्याकडे सगळे जपून आहे ना?”

गुरुजींनी फोनवर हे विचारले तेव्हा मी मोठ्या ऐटीत उत्तर दिले, “एक सोडून तीन प्रती आहेत, गुरुजी! तुम्ही अगदी निश्चिंत असा.”

ही गोष्ट २०२३ सालच्या श्रावणातली. त्यानंतर बरोबर अकरा दिवसांनी माझ्या संगणकाची हार्डडिस्क बंद पडली. आणि ज्या तीन प्रतींच्या जिवावर मी एवढा तोरा मिरवला होता, त्यांतली एकही धड नाही, हे मला एका रात्रीत कळून चुकले. त्या रात्रीची हकीकत आणि तिने शिकवलेले शहाणपण, दोन्ही आज वाचकांपुढे ठेवते आहे. संगणक आता घरोघर आहेत, आणि माझ्यासारखे गाफील लोकही काही कमी नसावेत!

गुरुजी म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक. तेव्हा वय ८४. बदल्यांच्या निमित्ताने गावोगाव फिरताना शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवण्याचा त्यांना छंद जडला. मोटा गेल्या, इंजिने आली; आणि मोटेबरोबर नाडा, सोंदूर, थारोळे, धाव हे शब्दही लोकांच्या जिभेवरून उतरले. पाभर, कुळव, शिवळ, इर्जिक— असे एकेक करीत गुरुजींनी नऊ हजारांवर शब्द जमवले. त्या कोशाची पहिली आवृत्ती २००४ साली निघाली. माझा पोटापाण्याचा धंदा अक्षरजुळणीचा. जुन्या काळी कंपोझिटर खिळे जुळवीत, आम्ही ते काम संगणकावर करतो, इतकाच काय तो फरक. कोशाची जुळणी माझ्याच हातची.

आता यातली मेख सांगते. त्या काळी आमच्या धंद्यात मराठीसाठी जे फॉन्ट सर्रास वापरात होते, त्यांची तऱ्हाच न्यारी. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ सालीच मिळालेली होती. पण छपाईच्या प्रोग्रॅमपर्यंत ती सोय पोहोचायला पुष्कळ वर्षे जावी लागली. तोवर सगळी मुलखावेगळी युक्ती चाले. रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर दिसे ‘कुळव’. फाईलच्या पोटात मात्र असत चारदोन रोमन अक्षरे आणि चिन्हे. तो फॉन्ट आणि तो प्रोग्रॅम हाताशी असेल तोवर सगळे ठीक. तो नसला की नऊ हजार शब्दांची नऊ हजार कोडी! रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, परंतु रफार कुठे जातो, पहिली वेलांटी कोणत्या अक्षराला चिकटते, याचा भरवसा नाही.

माझा तो जुना प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवरच चाले. आणि एक्सपीला तिच्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी कायमचा रामराम ठोकला. पुढच्याच वर्षी माझा जुना संगणकही निकालात निघाला. तेव्हा पुण्याहून भाचा आला नि म्हणाला, “मावशी, नवा लॅपटॉप घे. त्यात उबुंटू घालतो, आणि तुझा जुना संगणक त्याच्या पोटात बसवून देतो.”

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. पण त्याने खरोखरच तसे केले. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो खऱ्या संगणकाच्या आत एका खोट्या संगणकाचे सोंग उभे करतो. त्या सोंगाला स्वतःचा पडदा, स्वतःची मेमरी आणि स्वतःची हार्डडिस्क असते. आत बसलेल्या विंडोजला आपण खऱ्या लोखंडावर नसून सोंगात राहतो आहोत, याचा पत्ताही नसतो. ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात सीपी-४० नावाची अशी व्यवस्था १९६७ च्या आरंभी चालू झाली होती. त्या काळी अवाढव्य संगणक एकच असे, आणि तो पुष्कळांनी वाटून घ्यायचा असल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र संगणकाचा भास करून देणे भाग होते. आज मी तीच युक्ती वापरत होते, ती मेलेल्या संगणकाला जिवंत ठेवण्यासाठी.

या खोट्या संगणकाची हार्डडिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक भली थोरली फाईल. माझी होती ५८ गिगाबाइटची. तिच्यात विंडोज, तिच्यातच फॉन्ट, तिच्यातच प्रोग्रॅम, आणि तिच्यातच गुरुजींचा कोश. माझी समजूत अशी, की ही एक फाईल उचलून दुसरीकडे ठेवली की झाला बॅकअप! समजूत सोपी होती, म्हणूनच घात झाला.

लॅपटॉपची डिस्क गेली त्या रात्री मी शेजाऱ्यांच्या मुलाचा संगणक मागून आणला. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स बसवले आणि पहिली प्रत काढली. ती २०२२ साली बाहेरच्या डिस्कवर घेतलेली. विंडोज झकास उघडले. माझा जीव भांड्यात पडला. कोश उघडला, पाहते तो काय, २०१९ नंतरची एकही दुरुस्ती त्यात नाही! मध्यरात्र झालेली असतानाही मी भाच्याला फोन लावला.

“मावशी, २०१९ साली तू स्नॅपशॉट घेतला होतास का?”

घेतला होता खरा. नव्या प्रिंटरसाठी काही खटपट करायची होती. बिघडले तर मागे येता यावे म्हणून त्यानेच शिकवला होता. मग त्याने उलगडा केला, तो असा. स्नॅपशॉट घेतला की व्हर्च्युअलबॉक्स मूळ फाईलला कुलूप घालते, आणि तिथून पुढचे सगळे बदल शेजारच्या ‘स्नॅपशॉट्स’ नावाच्या फोल्डरात वेगळ्या फाईलमध्ये लिहू लागते. मूळ खातेवही बंद, पुढचा सगळा व्यवहार पुरवणी वहीत! मी चार वर्षे पुरवणी वहीत लिहीत होते. आणि प्रत घेताना उचलली होती फक्त मूळ वही. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हा पहिला धडा. तो त्याच डिस्कवर राहतो, मूळ फाईलवाचून पांगळा असतो, आणि ती मेली की तोही मरतो.

दुसरी प्रत त्याच वर्षीच्या जूनमधली. या वेळी मी सबंध फोल्डर उचलले होते, पुरवणीसकट. पण उचलले कधी? तर आत विंडोज चालू असताना, कोशाची पाने उघडी असताना. ५८ गिगाबाइट माझ्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर सेकंदाला तीस मेगाबाइटच्या चालीने जात होते. म्हणजे अर्ध्या तासाहून अधिकच काम. तेवढ्या वेळात आत लिखाण चालूच. परिणामी फाईलचा पुढचा भाग सहा वाजताचा आणि शेपूट साडेसहाचे! एखाद्या पळत्या माणसाचा फोटो दोन तुकड्यांत काढावा आणि मग धड एकीकडे नि पाय भलतीकडे यावेत, तशातली गत. कुठली फाईल कुठे आहे हे सांगणारा विंडोजचा तक्ता एक बोलू लागला, आणि प्रत्यक्ष जागेवर निघाले दुसरेच. विंडोज कण्हतकुंथत उघडले. कोशाच्या अकरा प्रकरणांपैकी सहा धड निघाली. उरलेली पाच, आणि ‘नवे शब्द’ या नावाची एक फाईल, यांचा चोथा झाला होता. त्या संध्याकाळी माझे काम चालू होते, ते नेमके त्यांच्यावरच.

आणि तिसरी प्रत? ती त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या फोल्डरात होती! डिस्क गेली तशी तीही गेली. डिस्क घेऊन मी एका दुरुस्तीवाल्याकडे खेटे घातले. आठवड्याने त्यांनी ती जशीच्या तशी परत केली.

आमच्या आईकडून १९६१ सालच्या पानशेतच्या पुराची गोष्ट लहानपणी पुष्कळदा ऐकलेली. तिच्या मामांचे घर पुण्यात नदीकाठच्या पेठेत होते. ते फार व्यवस्थित गृहस्थ. महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची नक्कल करून ठेवीत. पण अस्सल आणि नक्कल दोन्ही एकाच कपाटात! १२ जुलैला धरण फुटले, पाणी आले, आणि दोन्हींचा लगदा झाला. ही गोष्ट सांगताना आम्ही मुले हसत असू. त्या रात्री मला ती आठवली, पण हसू काही आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने गुरुजींच्या गावी गेले. फोनवर सांगण्याचा धीर होईना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग उठले, ट्रंक उघडली आणि तांबड्या शाईने भरलेली मुद्रिते माझ्यापुढे ठेवली. २०१९ पासूनच्या प्रत्येक दुरुस्तीचा कागद त्यांनी सांभाळला होता! पाच प्रकरणांचे काम त्या कागदांवरून मी तीन महिन्यांत पुन्हा केले.

‘नव्या शब्दां’ना मात्र कागद नव्हता. डोळ्यांनी दगा दिल्यापासून गुरुजी ते शब्द मला फोनवर सांगत आणि मी थेट संगणकात घालीत असे. त्यांच्या हिशेबाने असे ३१२ शब्द होते. आम्ही आठवायला बसलो, १८७ आठवले. उरलेले १२५ गेले. “ताई, जाऊ द्या,” ते म्हणाले, “मला तरी ते कुणी सांगितले होते म्हणूनच ठाऊक झाले. सांगणारे आता नाहीत.” त्यांनी माझे सांत्वन करण्यासाठी हे म्हटले खरे, पण मला ते आजही सलते.

आता नवी व्यवस्था सांगते. भाच्याने आणि मी मिळून ती बसवली, आणि तिच्यात माझ्यासारखीला झेपणार नाही असे काही नाही.

पहिली गोष्ट, मशीन वेगळे आणि काम वेगळे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘शेअर्ड फोल्डर’ची सोय असते. फोल्डर असते बाहेरच्या खऱ्या संगणकावर, पण आतल्या विंडोजला ते दिसते आणि वापरता येते. कोशाच्या साऱ्या फाईली आता तिथे राहतात. त्यामुळे रोज बदलतात ती बाहेरची चार फोल्डरे. आतले मशीन जवळपास जैसे थे राहते. जे रोज बदलते त्याची प्रत रोज, जे क्वचित बदलते त्याची आठवड्याने.

दुसरी गोष्ट, साफसफाई. ही डिस्क-फाईल गरजेप्रमाणे फुगते, पण आपण होऊन कधी आकसत नाही. आत एखादी फाईल पुसली तरी विंडोज फक्त यादीतले नाव खोडते. भाडेकरूच्या नावाची पाटी काढावी आणि त्याचे सामान खोलीतच राहावे, तसे. बाहेरच्या प्रोग्रॅमला ती खोली भरलेलीच वाटते. म्हणून आधी जुने स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्सकडूनच रीतसर काढवले, म्हणजे पुरवणी वह्या मूळ वहीत मिळवून घेतल्या. मग आतला कचरा काढला, मोकळी जागा शून्यांनी भरणारा एक लहानसा प्रोग्रॅम चालवला, आणि बाहेरून ‘कॉम्पॅक्ट’चा हुकूम सोडला. ५८ गिगाबाइटची फाईल १९ वर आली! मात्र हे सगळे करण्यापूर्वी एक पुरती प्रत घेऊन ठेवावी. साफसफाईत मोलाची वस्तू केरात जाण्याचा धोका घरात असतो तसाच इथेही असतो.

तिसरी गोष्ट, मशीन पूर्ण बंद करूनच प्रत घ्यायची. ‘सेव्ह स्टेट’ करून, म्हणजे मशीनला अर्धवट झोपवून घेतलेली प्रतही मी धरत नाही. तसे झोपलेले मशीन दुसऱ्या संगणकावर किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत जागे होईलच, याची खात्री नसते. शिवाय एकटी डिस्क-फाईल न उचलता मशीनचे सबंध फोल्डर उचलायचे. कारण मेमरी किती, डिस्क कुठली, याची नोंद शेजारच्या छोट्या फाईलमध्ये असते.

चौथी गोष्ट खऱ्या काटकसरीची. दर आठवड्याला सबंध फाईल उतरवायची म्हटले, तर जुन्या ५८ गिगाबाइटच्या हिशेबाने वर्षाला तीन हजार गिगाबाइट लागले असते. आता रेस्टिक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम हे काम करतो. तो त्या अजस्र फाईलचे साधारण एकेक मेगाबाइटचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा जणू अंगठा घेतो. जो अंगठा आधीच दप्तरी आहे, तो तुकडा पुन्हा ठेवीत नाही. नवे तेवढेच ठेवतो. पहिल्या दिवशी सगळे उतरवावे लागले. आता माझे काम आठवड्याला दोन-तीनशे मेगाबाइटमध्ये भागते, आणि गेल्या कुठल्याही आठवड्याची स्थिती सबंधच्या सबंध परत मागता येते. फाईल बदललेली असेल तर बदल हुडकण्यासाठी ती त्याला संपूर्ण वाचावी लागते, तेव्हा थोडा वेळ जातो. पण तेवढ्यात माझा चहा होतो.

इथे दोन बारकावे. विंडोज आपली ‘पेज फाईल’ नावाची कच्ची वही सदा खरडत असते. तिला आम्ही एका वेगळ्या लहान खोट्या डिस्कवर हाकलले आणि त्या डिस्कचा बॅकअपच घेत नाही. आणि आतमध्ये डिफ्रॅगमेंट करण्याची हौस सोडून दिली. त्याने सगळे तुकडे इकडचे तिकडे सरकतात, आणि रेस्टिकला बिचाऱ्याला ते नवे वाटून पुन्हा उतरवावे लागतात. कॉम्पॅक्ट केल्यावरही तसेच होऊ शकते. म्हणून तेही वर्षातून एकदाच.

पाचवी गोष्ट, जागा. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम या विषयात वेदवाक्यासारखा मानतात. प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत कोल्हापूरला धाकट्या बहिणीकडे असते. दोन डिस्क आहेत. सणावाराला जाणे होते तेव्हा अदलाबदल करते. डिस्क फॅट-३२ पद्धतीने तयार केलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे. तीत चार गिगाबाइटहून मोठी फाईल मावत नाही. आणि रेस्टिकचा सारा ठेवा कुलूपबंद असतो. पासवर्ड विसरला की खुद्द ब्रह्मदेवही तो उघडू शकणार नाही. माझा पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला आहे, आणि तो कुठे आहे हे घरात दोघांना ठाऊक आहे.

हे सर्व झाल्यावर भाच्याने मला एक प्रश्न विचारला. “मावशी, या मशीनमध्ये पुन्हा मिळणार नाही असे नेमके काय आहे?” मी विचार करू लागले. विंडोजची सीडी कपाटात आहे. प्रोग्रॅमची आहे, फॉन्टची आहे. पुन्हा मिळणार नाहीत ते फक्त गुरुजींचे शब्द. ते आम्ही युनिकोडमध्ये उतरवायला घेतले. रफार आणि वेलांट्या मी एकेक करून तपासल्या. पुरे झाल्यावर फाईल पाहिली, तर सारा कोश साडेतीन मेगाबाइटचा! ५८ गिगाबाइटच्या ओझ्यात मी जपत होते ते एवढेसे होते. ही फाईल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही फोनवर उघडते. मशीन मी अजून ठेवले आहे, कारण पानांची मांडणी त्यातच होते. पण कोशाचा जीव आता एकट्या त्याच्यात अडकलेला नाही.

दुसरी आवृत्ती २०२४ च्या पाडव्याला निघाली. शेवटची चार पाने गुरुजींनी आग्रहाने कोरी ठेवायला लावली. वर फक्त ‘नवे शब्द’ एवढा मथळा आणि त्यांचा पत्ता. वाचकांना आठवतील ते शब्द लिहून धाडावेत, ही विनंती. आजवर ४१ शब्द आले. त्यांतले नऊ मी फोनवर वाचून दाखवताच गुरुजींनी ओळखले, “हा आपल्यातलाच, ताई! हा आपल्यातलाच!”

आणि आता दर धनत्रयोदशीला माझा एक नेम असतो. व्यापारी चोपड्या मांडतात, तशी मी बहिणीकडून आणलेली डिस्क काढते, शेजाऱ्यांच्या मुलाचा संगणक मागून आणते, आणि त्यावर बॅकअपमधून सबंध मशीन नव्याने उभे करते. विंडोज उघडले, प्रोग्रॅम उघडला, कोशाचे मधलेच एखादे पान उघडून छापून पाहिले, म्हणजे मगच ती प्रत आहे असे मी मानते. मागच्या वर्षी छापलेल्या पानावर ‘इर्जिक’ हा शब्द होता. ते पान गुरुजींना पाठवून दिले.